सरांची सरासरी

रविवारी पहाटे पावणेपाचला आमच्या गल्लीतली कुत्री एकदा भुंकतात आणि लगेच गप्प होतात. भुंकतात ते हेल्मेट बघून, आणि गप्प होतात ते आतलं डोकं ओळखीचं निघालं म्हणून. सर निघाले, एवढाच त्याचा अर्थ. मी कूस बदलतो.

सर कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतात. सोमवार ते शनिवार त्यांच्याकडे वळून बघावं असं काही नाही. रविवारी मात्र त्यांना रंग चढतो. अंगाला घट्ट बसलेली पोपटी जर्सी, खाली बुडाला गादी शिवलेली काळी तोकडी विजार, डोळ्यांवर माशीच्या डोळ्यांसारखा चष्मा. जर्सीचे खिसे पाठीवर. एकात केळं, दुसऱ्यात खजूर, तिसऱ्यात मोबाइल. फोन वाजला की सर चालत्या सायकलीवर पाठ खाजवल्यासारखा हात मागे नेतात आणि केळं बाहेर काढतात. वहिनींचा फोन असला की हमखास केळंच येतं.

ही सायकलवाल्यांची जात आमच्या गोंदियात २०२० च्या टाळेबंदीनंतर फोफावली. त्यात डॉक्टर आहेत, राइस मिलवाले आहेत, बँकेतले साहेब आहेत. सगळ्यांची पन्नाशी जवळ आलेली, साखर सीमारेषेवर. एकमेकांना भेटले की "कसे आहात" विचारत नाहीत, "किती झाले" विचारतात, आणि उत्तर किलोमीटरमध्ये येतं. ब्रेव्हे नावाचा एक प्रकार त्यांच्या बोलण्यात फार. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, सहाशे किलोमीटर चाळीस तासांत. बक्षीस नाही, नंबर नाही, वेळेत पोचायचं तेवढं. नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ साली रेस ॲक्रॉस अमेरिका एकट्यानं पूर्ण करून आले, जवळपास पाच हजार किलोमीटर. त्यांचा विषय निघाला की सर "आपले समर्थ" म्हणतात. दोघांचं घराणं एकच, फक्त यांची शाखा तिरोड्यापर्यंत पोचली आहे. मनात मात्र पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस. ती १८९१ साली सुरू झाली, आता दर चार वर्षांनी होते, बाराशे किलोमीटर नव्वद तासांत. पॅरिसचं स्वप्न पाहणारा हा माणूस तिरोड्याला हवा भरून परत येतो.

सरांचं एक खरं दुःख आहे. त्यांच्या पंथात चढाला मान असतो, आणि गोंदिया म्हणजे धानाच्या बांध्यांचा सपाट मुलूख, समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर. पुण्याचे सायकलवाले सिंहगडाचे फोटो टाकतात तेव्हा सरांना जेवण जात नाही. मग ते रेल्वेवरच्या उड्डाणपुलाकडे वळले. पूल चढायचा, उतरायचा, वळायचं, पुन्हा चढायचा, अशा पंचवीस फेऱ्या. चौदाव्या फेरीला खाली भाजी मांडणाऱ्या बाईला राहवलं नाही.

"सर, काही पडलं का जी तुमचं?"

चढाची उणीव त्यांनी सीमांवर भरून काढली. जिल्ह्याला एका बाजूनं मध्य प्रदेश लागतो, दुसऱ्या बाजूनं छत्तीसगड. बालाघाटच्या रस्त्यावर रजेगावला बाघ नदीचा पूल ओलांडला की झालं राज्य पार. सर पलीकडे जातात, पाटीखाली सायकल उभी करून फोटो काढतात आणि उन्हं चढायच्या आत घरी. स्टेटसला "आंतरराज्य राइड". मी विचारलं, पलीकडे चहा तरी घेतला का? म्हणाले, "थांबलो असतो तर सरासरी पडली असती."

ही सरासरी म्हणजे सरांचं कुलदैवत. हँडलवर काडेपेटीएवढा मीटर, त्यात ताशी वेग. एकदा मी स्कुटीवर त्यांच्या मागे मागे नवेगावबांधला गेलो. गोरेगाव, कोहमारा करत साठ-पासष्ट किलोमीटर. कोहमाऱ्याला हमरस्ता ओलांडला की जंगलाचा वास लागतो, ट्रकांचे हॉर्न मागे पडतात. पुढे तो तलाव, भोवती सात बहिणींचे डोंगर. कोलू पाटील कोहळी यांनी तीनेकशे वर्षांपूर्वी बांधलेला, यंत्राशिवाय, सिमेंटशिवाय. इथेच मारुती चितमपल्ली वर्षानुवर्षं पक्षी बघत राहिले. सर तिथे पोचले, मीटरकडे बघितलं, म्हणाले, "सव्वीस पॉइंट चार." मी म्हटलं, तलाव बघा की. ते म्हणाले, "बघितला ना. पॉझवर टाकून बघितला."

सायकलीविषयी सांगायलाच हवं. ती कार्बनची आहे, एका बोटानं उचलली जाते, आणि तिच्या किमतीत सरांच्या गावाकडे बैलजोडी आली असती. सर तिला भिंतीला टेकवत नाहीत, रंग जातो. झाडाला टेकवतात, तेही झाड पारखून. आमगावच्या पुढे एका टपरीवर आम्ही थांबलो होतो. कढईत आलुबोंडे, बाकावर तीन म्हातारे. त्यातले एक उठले, हात मागे बांधून सायकलीभोवती एक प्रदक्षिणा केली आणि बाजारात बैल बघावा तशी तपासणी सुरू केली.

"याले कॅरिअल नाही का जी?"

"नाही."

"स्टँड?"

"नसतो याला."

"मडगार? घंटी?"

सरांनी मान हलवली. म्हातारबांनी सीटवर अंगठा दाबला. ती दगडासारखी. मग किंमत विचारली. सरांनी मोठ्या मनानं अर्धी सांगितली. म्हातारबा बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी हळूच म्हणाले, "येवढं सारं काढून घेतलं, तरी पैसे कमी नाही केले का जी त्यानं?"

अर्थशास्त्राच्या माणसाला याचं उत्तर देता आलं नाही. सरांनी आलुबोंडा मागवला, त्यावरचं पीठ काढून आतलं बटाट्याचं सारण खाल्लं, आणि ते पीठ मी खाल्लं.

पण सरांची खरी परीक्षा पायांशी आहे. त्यांचे बूट पायडलमध्ये खटकन अडकतात. सुटायचे तर टाच बाहेरच्या बाजूला झटकावी लागते. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि तोवर माणूस थांबला की आडवा होतो. जुलैत रोवण्याचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बांध्यांत गुडघाभर गाळ, वीसेक बाया वाकून ओळीनं रोवा लावत होत्या, गाणं चाललं होतं. समोर बैलबंडी आडवी आली, सर थांबले. सायकल थांबली. बूट सुटला नाही. झाड पडताना आधी जरा विचार करतं, तसे सर क्षणभर उभे राहिले आणि मग सायकलीसकट धुऱ्यावरून बांधीत गेले, तेही अगदी सावकाश. पोपटी जर्सी रोव्याच्या रंगात मिसळून गेली. गाणं थांबलं. एका बाईनं कंबर सरळ केली, कपाळावरचा घाम मनगटानं पुसला आणि विचारलं, "रोवना कराले आले का जी, सर?" दुसरी म्हणाली, "मंग तिकडून धरा ना, इकडली पात झाली."

सरांनी उठल्याबरोबर आधी मीटर पुसला.

एवढं हसून झाल्यावर मला एक कबूल करायला हवं. हा जिल्हा सरांना माझ्याहून जास्त ठाऊक आहे, आणि तो त्यांनी मीटरकडे बघत बघत शिकलेला आहे. त्यांचा भूगोल कुत्र्यांवर आधारलेला असतो. कोणत्या गावचं कुत्रं वेशीपर्यंत येतं, कोणतं पुढच्या गावच्या कुत्र्याच्या हवाली करून परत फिरतं, हे ते झोपेत सांगतील. कापणीनंतर कोणत्या रस्त्यावर अर्धी बाजू धान वाळवायला घातलेली असते आणि मग चाक कुठून न्यायचं, हेही. मार्चअखेरीस पहाटे मोहाच्या झाडाखाली टोपल्या घेऊन बसलेल्या माणसांना ते लांबूनच हात करतात. मोहासाठी अस्वलही येतं. एकदा नागझिऱ्याकडच्या रस्त्यावर ते सरांना समोरासमोर भेटलं. त्या दिवशीचा वेग सरांनी अजून मोडलेला नाही, आणि तो वेग घराच्या दिशेनं आहे.

एकदा तर ते वीस मिनिटं थांबले होते. बांधीत सारसांची जोडी होती. महाराष्ट्रात सारस बघायचा तर आमच्याच भागात यावं लागतं, आणि उरलेत तेही मोजके. माणसाच्या उंचीचा पक्षी, लाल मान, लांब पाय, एकेक पाऊल विचार करून टाकणारा. त्यांनी सरांकडे बघितलं, सरांनी त्यांच्याकडे. ही गोष्ट सांगताना सर सरासरीचा आकडा सांगायला विसरले. मीच विचारला. म्हणाले, "पडली त्या दिवशी." आणि चक्क हसले.

आता त्या चढाचं सांगतो. तो दरेकशाला. हाजरा फॉलकडे जाताना सालेकशाच्या पुढे डोंगर येतात, बोगद्यातून मुंबई–हावड्याच्या गाड्या जातात. सरांना जिल्ह्यात मिळालेला हा एकमेव खराखुरा चढ. वेळ नोंदवणाऱ्या त्यांच्या ॲपवर त्या चढाच्या यादीत सर पहिले आहेत. राजाचा मुकुट मिळतो, तो त्यांनी मला तीनदा दाखवला आहे. गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा स्कुटीवर मागे होतो. सर चढाला लागले, मान खाली, तोंडाला फेस. तेवढ्यात मागून करकर आवाज आला. काळी जुनी सायकल, गिअर नाही, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन, पायात स्लिपर, कानाला मफलर. दूधवाला पायडलवर उभा राहिला, झुलत झुलत सरांच्या बरोबरीला आला, "येऊ द्या जी सर, सावकास," म्हणाला आणि वळणाआड गेला. कॅनचा खडखडाट थोडा वेळ ऐकू येत होता.

वर पोचल्यावर सर पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग मोबाइल काढला (आधी केळं आलं), बघितला आणि खुशीत येऊन माझ्यापुढे धरला. मुकुट जागेवर होता.

मी म्हटलं, "त्या दूधवाल्याच्या फोनवर हे ॲप टाकून देऊ या का?"

सर हेल्मेटचा पट्टा सोडत होते, ते थांबले.

"नको हो," म्हणाले, "त्याच्या फोनमध्ये जागा नसते."