पानाप्रमाणे पैसे

राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न वत्सगुल्माला लागतं. वत्सगुल्म म्हणजे आमचं वाशिम. लग्न गांधर्व, ना पत्रिका, ना पंगत. पुढे ही नवरी पुण्या-मुंबईकडे जी नांदायला गेली, ती माहेरी काही फिरकली नाही. वाशिमला निदान रेल्वे तरी आहे, मी राहतो त्या रिसोडला तीही नाही. इथं सोयाबीनचा भाव सोडून दुसरं काही लिहीत बसलेल्याकडे लोक बोअर कोरडं गेलेल्या माणसाकडे बघावं तसं बघतात.

तरी मी कादंबरी लिहिली. आता संपादक हवा होता.

संपादक म्हटलं की श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन आठवतात. त्यांच्या 'सत्यकथे'तून लेखन साभार परत यायचं, पण लिहिणाऱ्यात काही दिसलं तर सविस्तर पत्रही यायचं. ते मासिक 1982 साली बंद पडलं. म्हणजे आता अभिमानानं सांगावा असा नकारही मिळायची सोय उरली नाही. दुसरा आधार 'कोसला'चा. नेमाड्यांनी ती पंचविशीत, काही दिवसांत लिहून काढली आणि 1963 साली रा. ज. देशमुखांनी छापली. होतकरू कादंबरीकाराला हे तोंडपाठ असतं. स्वतःचे देशमुख कुठून आणायचे, एवढंच कोणी सांगत नाही.

मला पुण्याचे एक प्रकाशक भेटले, फोनवर. हस्तलिखित पोस्टात टाकायच्या आधीच त्यांनी "अप्रतिम!" म्हटलं. खर्च पानांच्या हिशेबानं, शिवाय काही प्रती लेखकानं विकत घ्यायच्या. "जमलं तर आणखी दोन प्रकरणं वाढवा. आणि ती वऱ्हाडी जरा कमी करा, वाचकाला झेपत नाही." उद्धव शेळक्यांची 'धग' 1960 साली आली, तिच्यातली माणसं बिनधास्त वऱ्हाडी बोलतात, आणि वाचक अजून धडधाकट आहे. मी फक्त "बघतो" म्हणालो.

टाइप करून घ्यायला वही तहसीलजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे दिली. पोरगा दिवसभर अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका टाइप करतो. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन.

"सर, हे आबा आठव्या प्रकरणात वारले ना? मंग अकराव्यात पेरनीले कसे चालले?"

मी वही चाळली. आबा खरंच तिफण धरून उभे होते.

"एक तं आबाले जित्ता ठेवा, नाही तं वारसाचा फेरफार घ्या. जमीन अजून त्याइच्याच नावावर हाये."

मग तो दुकान बंद करून रात्री घरीच यायला लागला. नायिकेच्या खिडकीतलं चांदणं मी चांगलं तीन पानं पसरलं होतं. त्यानं विचारलं, "हे काढलं तं कोनाचं नुकसान होईन?" मी विचार केला. नायिकेचं होत नव्हतं, आबांचं तर नव्हतंच. माझं होत होतं, पण ते सांगायची लाज वाटली. चांदणं गेलं. नायकाचं शहरातलं एकटेपण गेलं. लोणीच्या यात्रेचं प्रकरण मात्र त्यानं मला पुन्हा लिहायला लावलं, कारण माझ्या यात्रेत गर्दी होती, धूळ नव्हती.

मी त्याच्याकडे नीट बघितलं तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. हा पोरगा पानाप्रमाणे पैसे घेतो, आणि पानं कमी करायला सांगतोय. प्रकाशकही पानाप्रमाणेच घेणार होते, पण त्यांना माझं चांदणं न वाचताच फार आवडलं होतं.

शेवटी फाइल पुण्याला, दुसऱ्या एका प्रकाशन संस्थेकडे गेली. महिनाभरानं तिथल्या संपादकबाईंचा फोन आला. आबा नेमके कोणत्या प्रकरणात वारतात हे त्यांना ठाऊक होतं, त्यावरून वाचल्याची खात्री पटली. म्हणाल्या, "शेवटचं वाक्य हलवू नका हं, फार धाडसी आहे."

मी पान उघडलं. कादंबरी संपल्यावर खाली, पोरानं सवयीनं टाइप केलं होतं : 'वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो खरा व बरोबर आहे.'

ठेवलं तसंच. त्या पानाचे पैसे त्यानं लावलेच होते.