वाटीचं वजन कळवा

मिसिसागा, कॅनडा

ती. आई व बाबा यांना सा. न.

इकडे सगळे खुशाल. थंडी पडलीय, तूप डब्यात थिजून बसलंय आणि दिवाळी तोंडावर आलीय. बेसनाच्या लाडवांची तुमची कृती फोनवर ऐकून लिहून घेतली : अर्धा किलो बेसन, दीड वाटी तूप, पिठीसाखर अंदाजाने. कागद फ्रिजवर लावला आणि वाटीचे ग्रॅम किती यावरून घरात दोन तट पडले.

यांचं म्हणणं, पातळ ते सगळं सारखंच. अडीचशे मिली म्हणजे अडीचशे ग्रॅम, त्यात विचारायचं काय! इंजिनिअर माणूस, म्हणून मी वाद घातला नाही. यांच्याच हौशीच्या काट्यावर २५० मिलीचा कप ठेवला आणि यांच्यासमोर एकेक ओतत गेले. पाणी बरोबर २५० ग्रॅम. यांनी विजयी मुद्रेने धाकटीकडे पाहिलं. दूध २५८ च्या आसपास. तेल २३० वर थांबलं, वितळवलेलं तूप त्याच्याही किंचित खाली. मध मात्र ३५५ पर्यंत गेला. "काटा बिघडलाय," असा निकाल लागला. काटा गणपतीत घेतलाय.

तुम्हाला यात नवल वाटणार नाही. तेल पाण्यावर तरंगतं म्हणजे ते हलकं, आणि तापल्या तेलात पाण्याचा थेंब पडला की तो तळाशी जाऊन वाफ होऊन उसळतो, हे फोडणी करणाऱ्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. बाबांना एक सांगा : एक लिटर तेलाच्या पिशवीवर ९१० ग्रॅम छापलेलं पाहून ते वाण्याशी भांडले होते ना, त्या बिचाऱ्याने ९० ग्रॅम मारले नव्हते. लिटरभर तेल भरतंच तेवढं.

यांचाही सगळा दोष नाही म्हणा, हा देशच धड एका मापावर चालत नाही. कायद्याने लिटर-किलो, पण ओव्हन फॅरनहाइटमध्ये. लोणी ४५४ ग्रॅमचं, म्हणजे जुना पौंडच नाव बदलून बसलेला. टोमॅटोचा डबा ७९६ मिलीचा. हा आकडा कुठून आला म्हणून शोधलं, तर ते जुने २८ ब्रिटिश औंस निघाले. दूध आपल्यासारखं पिशवीत मिळतं, पण तीन पिशव्या मिळून चार लिटर, तेव्हा एका पिशवीत किती ते तुम्हीच काढा. आणि तेच दूध विरजलं की दही ग्रॅममध्ये! मध किलोने मिळतो, मेपल सिरप मिलीने. दोन्ही धाकटीच्या पोळीवर शेजारी शेजारी.

कपाचीही तीच गत. इथला कप २५० मिलीचा, शेजारच्या अमेरिकेतला सुमारे २३७ चा. मेलबर्नहून वन्संनी केकची कृती पाठवली, त्यात दोन टेबलस्पून तेल होतं. त्यांचा टेबलस्पून २० मिलीचा, आमचा १५ चा. तेव्हा वन्संचे दोन चमचे म्हणजे आमचे पावणेतीनपेक्षा थोडे कमी. हे त्यांना कळवलं, तर म्हणाल्या, "वहिनी, केक करायचाय की ऑडिट?"

पण या देशात ऑडिट न केल्याने काय झालं, ते मी यांना ऐकवलंच. जुलै १९८३ मध्ये मॉन्ट्रिअलहून एडमंटनला निघालेल्या विमानात इंधन लिटरने भरलं होतं आणि वैमानिकांना हवं होतं किलोत. एका लिटरचे किलो साधारण ०.८, हिशेबात घेतला १.७७, जो एका लिटरच्या पौंडांचा आकडा. त्यामुळे टाकीत हवं त्याच्या अर्ध्याहूनही कमी इंधन गेलं आणि दोन्ही इंजिनं आकाशातच बंद पडली. कॅप्टनला ग्लायडर उडवायची सवय होती, म्हणून त्याने ते धूड तसंच तरंगत आणून गिमली गावच्या जुन्या हवाईतळावर उतरवलं. सगळे वाचले. यावर हे म्हणाले, "लाडू काही आकाशातून पडणार नाहीत." बरोबर, पण ते ताटात बसतील.

शंकरपाळ्यांना ही कटकट नाही. एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप, मावेल तेवढा मैदा. वाटी कुठलीही घ्या, प्रमाण तेच राहतं. घोटाळा होतो तो बेसन किलोत आणि तूप वाटीत आलं की. तुमची वाटी दीडशे मिलीची असेल तर दीड वाटी तूप जेमतेम दोनशे ग्रॅम. दोनशे मिलीची असेल तर पावणेतीनशे. एवढ्या फरकात लाडू वळतोही आणि बसतोही.

तेव्हा एवढं करा. मधल्या फळीवरची, काठाला पोचा आलेली ती वाटी काट्यावर ठेवा, मग तीच काठोकाठ पाण्याने भरून ठेवा. जितके ग्रॅम वाढतील तितके मिली. घरात काटा नसेल तर अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी फोडून किती वाट्या भरतात ते मोजा आणि बाबांकडून मला कळवा. बाबांनी मनाने आकडा सांगू नये.

तुमची,
सूनबाई

ता. क. : वाटीतलं तूप पातळ करून घेता की थिजलेलं, आणि थिजलेलं असेल तर वर शीग असते का, तेही लिहा.