बिऱ्हाड हललं, मंगलाष्टकं पुन्हा

ऑफिसातला फोन लागतो तो तारेमुळे नव्हे, परवान्यामुळे. अवाया या फोन-यंत्रणा कंपनीच्या वेबएलएम या परवाना सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये परवान्याची फाइल सर्व्हरच्या होस्ट आयडीला बांधलेली असते. सर्व्हर बदलला की नवा आयडी, नवी फाइल. पैसे कधीच मोजलेले, पण जोडप्याने बिऱ्हाड हलवलं की मंगलाष्टकं पुन्हा! परवान्यात खोट निघाली, तर कम्युनिकेशन मॅनेजर (माणूस नव्हे, अवायाचं फोन चालवणारं सॉफ्टवेअर) ३० दिवसांची मुदत देतो. (पुण्यातला घरमालक बरा.) मुदत संपली की बदल करणं बंद. जुने फोन वाजतात, नव्या साहेबांना मात्र एक्स्टेंशन नाही; हा भाग काहींना आवडतो. तेव्हा सर्व्हर हलवण्याआधी एवढं विचारा: फाइल कोणाच्या ईमेलवर आली होती? ते गृहस्थ बहुधा नोकरी सोडून गेलेत.