खराटा धरण्याचं शास्त्र आणि हंगामी कलेक्शन

पृष्ठभागावर नक्षी काढण्याच्या उद्योगाला हल्ली सरफेस पॅटर्न डिझाइन म्हणतात आणि त्याचे रीतसर कोर्स निघालेत. पहिल्याच धड्यात सांगतात, ब्रश बाजूला ठेवा. काड्या, पानं, सुतळी, मोडका कंगवा, हाताला लागेल ते शाईत बुडवा आणि कागदावर ओढा. शहरातल्या विद्यार्थ्याची निम्मी फी अशी काडी शोधण्यातच जाते. रत्नागिरीहून पावसच्या रस्त्याला लागून काजळीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की भाट्ये. तिथे काडीला तोटा नाही. तेव्हा हा अभ्यासक्रम भाट्यातच पुरा करावा.

आधी हंगाम ठरवा. डिझाइनच्या जगात स्प्रिंग-समर आणि ऑटम-विंटर असे दोन मोठे हंगाम, आणि त्यांचे रंग दीड-दोन वर्षं आधी ठरतात. भाट्यात उद्याचं वाळवण घालावं की नाही हे आज ठरत नाही, त्यामुळे ही पद्धत इथे चालायची नाही. इथले हंगाम तीन : पाऊस, खळं आणि आंबा. पैकी आंब्यात डिझायनरने गावात फिरकू नये. कुणाला बोलायला सवड नसते, आणि सवड असलेला तुम्हाला पेट्या उचलायला लावतो.

पावसाळी कलेक्शनसाठी छत्री धरून गडग्याशी उभं राहण्यापलीकडे काही करायचं नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणारा चिरा स्वतःच कामाला लागतो. हाताने काढलेल्या जुन्या चिऱ्यावर हत्याराचे तिरके, वेडेवाकडे घाव असतात. यंत्रावर कापलेल्या नव्या चिऱ्यावर गोल पात्याच्या एकसारख्या कमानी. शेवाळ दोन्हींत भरतं, पण जुन्यात जरा मन लावून भरतं, असं माझं मत आहे. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासावी. कागदाचा लगदा होईल. तोही जपून ठेवावा. प्रदर्शनात त्याला टेक्श्चर म्हणता येतं.

खरा विषय खळ्याचा. पाऊस सरला की अंगणातलं गवत खरवडून, माती सारखी करून, पाणी मारून ती चोपण्याने चोपतात आणि मग शेणाने सारवतात. नवशिक्याने इथे वही मिटून खाली उकिडवं बसावं. पातळ शेणकाल्यात हात बुडतो, मनगट एका जागी राहतं आणि तळवा डावीकडून उजवीकडे अर्धवर्तुळात फिरतो. मागे चार बोटांच्या चार रेषा उमटतात. पुढची कमान आधीच्या कमानीची कड झाकते, तिच्या पुढची तिची. बघता बघता अख्खं खळं माशाच्या खवल्यांनी भरतं. काम मागे मागे सरकत होतं, म्हणून सारवणारीचं पाऊल ओल्यात पडत नाही आणि शेवटची कमान बरोबर पायरीशी येऊन संपते. संगणकावर हीच जुळणी करायला आमच्यासारख्यांना नक्षीचा तुकडा अर्धा खाली सरकवून दोन्ही कडा ताडून पाहाव्या लागतात, आणि तरी सांधा दिसतोच.

रंगाची काळजी नसावी. पँटोन कंपनीने 2025 सालचा रंग म्हणून ‘मोका मूस’ नावाचा एक तपकिरी जाहीर केला होता. तो पाहून आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, “सारवण वाळलं की असंच दिसतं. ह्याला वर्ष कशाला हवं?” गडद छटा हवी असेल तर कोळशाची पूड घाला. पूर्वी टॉर्चचे संपलेले सेल फोडून त्यातली काळी भुकटीही शेणात कालवत. ते आता करू नये, सेल सुद्धा पूर्वीसारखे राहिले नाहीत.

आता खराटा. माड महिन्याला सरासरी एक झावळी टाकतो, म्हणजे साहित्याचा पुरवठा झाडाकडूनच हप्त्याहप्त्याने होतो. पडलेल्या झावळीचा वण खोडावर कायम राहतो. बारा-चौदा वण मोजले की झाडाचं एक वर्ष झालं. गावात 1955 पासून प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे, तिथल्या बागेत नुसतं खोडं बघत हिंडलात तरी पट्ट्यापट्ट्यांचं एक कलेक्शन सुटेल. झावळीच्या पात्या सोलून हीर काढायचे, बुडाशी घट्ट बांधायचे. नवा खराटा टोकदार, उतावळा. त्याच्या रेषा वाळूत खोल जातात. अर्धा झिजलेला सगळ्यांत उत्तम. पार झिजला की तो डिझायनरला देतात.

धरण्याचं शास्त्र मात्र पुस्तकात नाही. मी कमरेत वाकून, ध्यानस्थ वगैरे होऊन एक लांब रेघ ओढली, तेव्हा काकू पडवीतून ओरडल्या, “असा धरतात काय रे खराटा? केर तिथंच आहे!” ही समीक्षा लक्षात ठेवावी. त्यांच्या अंगणात रोज सकाळी वाळूवर पंख्यासारख्या रेषा एकीला एक लागून उमटतात, कारण त्यांचं लक्ष केराकडे असतं. रेषेकडे लक्ष देणाऱ्याची रेषा थरथरते आणि केरही राहतो.

शाई विकत घेऊ नये. काजूच्या बोंडाचा रस पांढऱ्या शर्टावर घ्यावा. कितीही धुतला तरी डाग राहतो. ओल्या काजूच्या टरफलातल्या तेलाला मात्र हात लावू नये, कातडी सोलून निघते आणि मग तुम्हीच पृष्ठभाग होता.

उरला समुद्र. सुरूच्या बनातून पुळणीवर उतरा. ओसरणारी लाट हलकी वाळू नेते आणि जड काळे कण मागे टाकते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट आहे, त्याच्या या रेघा. त्यांच्या मधोमध नखाएवढे खेकडे बिळातून बाहेर येतात, वाळू तोंडात घोळवून त्यातलं खाणं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी मागे टाकतात. बिळाभोवती गोळ्यांच्या रांगा किरणांसारख्या पसरत जातात. भरती आली की सगळं सपाट, पुढच्या सुकतीला नवीन डिझाइन. मानधन नाही, सही नाही, आणि मागच्या वेळचंच पुन्हा खपवणं तर नाहीच.

प्रदर्शन इथेच भरवावं. हॉलचं भाडं वाचतं. वेळ मात्र तिथी पाहून ठरवावी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे सुकती भर बाराच्या उन्हात, ती टाळावी. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला, सुकती संध्याकाळी साडेपाचच्या आसपास, शिवाय उधाणाचे दिवस असल्याने पाणी लांबवर मागे गेलेलं. उद्घाटन पाचला ठेवावं. प्रमुख पाहुण्यांच्या पत्रिकेवर तीन छापावे.