तीन महिन्यांत फुल स्टॅक

‘कोर्सचा पुरेपूर फायदा घे,’ असं मला घरीदारी सगळ्यांनी सांगून झालं आहे. फी भरणाऱ्या बाबांनी सांगितलं, फी घेणाऱ्या सरांनी सांगितलं आणि फीशी काडीचा संबंध नसलेल्या शेजारच्या काकूंनी तर जिन्यात अडवून सांगितलं. मीही तयारीनेच रोज सकाळी सदरला जाते. पण फायदा घेणाऱ्यांच्या रांगेत माझ्या आधी बरीच मंडळी उभी असतात, एवढंच माझं म्हणणं आहे.

आमचा वर्ग जबलपूर छावणीतल्या सदर बाजारात एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरतो. एचटीएमएलपासून रिअॅक्ट, नोड, डेटाबेसपर्यंत सगळं तीन महिन्यांत उरकतात. खुर्च्या मात्र एका हाताच्या, वही मावेल एवढ्या फळीच्या. त्या बनल्या तेव्हा लॅपटॉप ही चीज निघाली नसावी. लॅपटॉप फळीवर ठेवला की त्याचा डावा कोपरा हवेत राहतो. नेमकी तिथेच एस्केपची कळ असते, आणि ती दाबली की सगळंच डावीकडे कलंडतं. भिंतीला प्लग एक, त्याला बोर्ड एक, आणि बोर्डात सरांचा फोन, कूलर आणि डास पळवायचं यंत्र आधीच विराजमान. पहाटे उठणाऱ्याला विद्या मिळते म्हणतात. इथे प्लग मिळतो.

सुरुवातीलाच मोजायला शिकवलं. प्रोग्रॅममध्ये यादीतली पहिली वस्तू ही शून्य क्रमांकाची. डायक्स्ट्रा नावाच्या डच गृहस्थांनी मोजणी शून्यापासूनच का करावी यावर १९८२ साली चक्क एक टिपण लिहून ठेवलं आहे. थोर माणूस, माझी हरकत नाही. पण सदरमधल्या गल्ल्यांना नंबर आहेत, आणि ते एकपासून सुरू होतात. दिवसभर शून्य, एक, दोन करून बाहेर पडलं की ऑटोवाल्याला पत्ता सांगताना जीभ अडखळते आणि उतरायची वेळ येते ती एक गल्ली अलीकडे. फीचे हप्तेही संस्था एकपासूनच मोजते. ‘शून्यावा हप्ता’ अशी काही सोय आहे का, असं मी विचारून पाहिलं. सरांनी तो प्रश्न सिलॅबसबाहेरचा ठरवला.

तसं प्रश्न विचारायला प्रोत्साहन आहे. दर दहा मिनिटांनी सर ‘क्लियर है?’ म्हणतात आणि फळ्याकडे वळतात. तोवर आम्ही ‘जी सर’ म्हणून मोकळे झालेले असतो. आमच्या बॅचची खरी प्रगती ‘जी सर’च्या वेगात आहे.

नोट्स व्हॉट्सअॅपवर येतात, वर्डमध्ये टाइप केलेल्या. आता वर्ड हा टापटिपीचा भोक्ता. तुम्ही साधं सरळ अवतरणचिन्ह टाइप केलंत की तो ते गुपचूप वळवून, शेपटी काढून देखणं करतो. तो कोड उचलून एडिटरमध्ये चिकटवला की जावास्क्रिप्ट म्हणतं, अवैध किंवा अनपेक्षित टोकन. म्हणजे काय ते सांगत नाही. अर्धी दुपार कंस मोजण्यात जाते. कंस बरोबर असतात, स्पेलिंग बरोबर असतं, फक्त दोन शेपट्या जास्त असतात. सरांना दाखवलं तर ते दोन सेकंदांत दुरुस्त करतात आणि म्हणतात, ‘ध्यान से टाइप करो.’

याच छावणीत लष्कराच्या सिग्नल्स कोअरचं प्रशिक्षण केंद्र आहे. सिग्नलवाल्यांच्या पिढ्यांनी मोर्स कोड घोटला: टिंब आणि रेघ, विषय संपला. टिंबाची नवी आवृत्ती आली, जुनं टिंब आता चालणार नाही, असं त्यांना कधी ऐकावं लागलं नसेल. आमच्या नोट्समध्ये ‘क्रिएट रिअॅक्ट अॅप’ने सुरुवात करा असं आहे. ते साधन खुद्द रिअॅक्टवाल्यांनीच फेब्रुवारी २०२५ मध्ये निवृत्त केलं. आमच्याकडे त्याला मुदतवाढ मिळालेली दिसते.

मग जोडीने काम. याला पेअर प्रोग्रॅमिंग म्हणतात: एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने शेजारी बसून विचार करायचा, आणि थोड्या थोड्या वेळाने जागा बदलायच्या. नियम उत्तम आहे. माझा जोडीदार टाइप करतो. जागा बदलायची आठवण दिली की ‘बस, बड्डे, ये लाइन हो जाए’ म्हणतो. मुलीलाही बड्डे म्हणण्याइतका तो पक्का जबलपुरी आहे. ती ओळ संपायची मी वाट बघते आहे. मधल्या काळात मी एवढा विचार करून ठेवला आहे की तो टाइप करायला दुसरा कोर्स लावावा लागेल.

चूक सापडत नसेल तर टेबलावर रबराचं बदक ठेवावं आणि आपला कोड त्याला ओळीओळीने समजावून सांगावा, म्हणजे चूक आपोआप दिसते, असाही एक मान्यवर उपाय आहे. ‘द प्रॅगमॅटिक प्रोग्रॅमर’ या १९९९ च्या पुस्तकातून तो जगभर गेला. आमच्या घरी बदक नाही, आजोबा आहेत. गन कॅरेज फॅक्टरीतून रिटायर झालेले. बदकाचा मोठा गुण म्हणजे ते उलट विचारत नाही. आजोबांनी पहिल्याच ओळीला विचारलं, ‘ड्रॉइंग कुठंय?’ ड्रॉइंग नाही म्हटल्यावर, ड्रॉइंगशिवाय लेथला हात लावणाऱ्याचं त्यांच्या खात्यात काय होत असे, याची हकीकत सुरू झाली. ती अजून चालू आहे.

बाबांचं मत, हे सगळं सोड आणि आधी कानेटकर वाच. यशवंत कानेटकर नागपूरचे, म्हणजे आपलेच, आणि ‘लेट अस सी’वर अख्खी पिढी नोकरीला लागली. आमच्या कोर्सला सी नाही, हे बाबांना सिलॅबसमधली छपाईची चूक वाटते. मावशीचा मुलगा पुण्याला सी-डॅकचा ‘डॅक’ नावाचा कोर्स करून आला. सहा महिने, नऊशे तास. ते नऊशे तास मावशी स्वतः बाकावर बसल्यासारखी सांगते आणि शेवटी विचारते, ‘तुमचं तीनच महिन्यांत कसं गं होतं?’ हा प्रश्न मलाही आहे, पण मावशीकडून तो ऐकायला बरा वाटत नाही.

नेटवर्किंग करा, असंही सांगतात. म्हणून आम्ही सदरच्याच इंडियन कॉफी हाउसमध्ये जाऊन बसतो. कॉफी बोर्डाने पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आपली हॉटेलं बंद करायला घेतली, तेव्हा नोकरी जाणाऱ्या कामगारांनी सहकारी संस्था काढून तीच चालवायला घेतली. त्यांना कुणी ‘लिंक्डइनवर आहात का’ असं विचारलं नसावं. आमच्या टेबलावर सगळेच नोकरी शोधणारे, त्यामुळे नेटवर्क झालं की एकमेकांना शुभेच्छा द्यायच्या आणि डोशाचे पैसे वाटून घ्यायचे. त्या भागाकाराला वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा फोनचा कॅलक्युलेटर काढतो.

घरी आलं की काकू प्रिंटर घेऊन तयार. ‘तू कॉम्प्युटरचं करतेस ना?’ मी फुल स्टॅक करते. प्रिंटर त्या स्टॅकमध्ये कुठेच येत नाही. पण कागद माझ्याच हाताने निघतो आणि कौतुक काकूंच्या नव्या शाईचं होतं.

परवा अभिप्रायाचा ऑनलाइन फॉर्म आला. ‘शिकवण्याचा वेग कसा वाटला?’ पर्याय दोन: योग्य आणि अतिशय योग्य. मी ‘योग्य’वर टिचकी मारली, तर ‘सबमिट’ चालेना. सरांना सांगितलं. ते खूश झाले. फॉर्म मागच्या बॅचचा प्रोजेक्ट होता. तो दुरुस्त करणं हा आता आमचा प्रोजेक्ट आहे. तिसरा पर्याय जोडू का, असं मी जोडीदाराला विचारलं आहे. त्याची ती ओळ झाली की सांगतो म्हणाला.