थकव्याचा दाखला

जातीचा दाखला नवापूरला तहसीलमध्ये मिळतो, रहिवासाचा ग्रामपंचायतीत मिळतो, पेन्शनवाल्यांना तर आपण जिवंत असल्याचाही दाखला देता येतो. थकव्याचा दाखला मात्र कुठल्याच खिडकीवर मिळत नाही, आणि दाखल्यावाचून आपल्याकडे कुणी कुणाचं थकणं मानत नाही. त्यातून थकणारी बाई असेल, अंगाने भरलेली असेल आणि नोकरी मास्तरकीची असेल, तर विषयच मिटला. "खुर्चीत बसून शिकवायचं, त्यात दमण्यासारखं काय आहे?" हा प्रश्न मला आमच्या घरातल्या सगळ्या पिढ्यांनी विचारून झाला आहे.

सुरत-भुसावळ लोहमार्गावर नवापूर आणि नंदुरबार यांच्या मधे आमचं खांडबारा. इथे थकायचा अधिकार कुणाला, हे ठरलेलं आहे. दिवसभर चिखलात वाकून भात लावणारी थकते. डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरणारी थकते. ऊसतोडीला गुजरातेत जाऊन आलेलं बिऱ्हाड थकतं. या मंडळींसमोर पंख्याखाली हजेरी घेणाऱ्या बाईने "मला हल्ली फार गळून गेल्यासारखं होतं" म्हणायचं, म्हणजे निलाजरेपणाच. मी तो करून पाहिला. शेजारच्या आजी दारातूनच म्हणाल्या, "काही नही व्हयनं तुले व माय, दोन घास जास्ती खाय!" दोन घास जास्त खायला माझी ना नव्हती, पण ताट स्वयंपाकघरातून ओट्यावर आणायचं कोणी, हा प्रश्न होता.

हा थकवा साधा नसतो. साधा माणूस काम करून थकतो, मी कामाच्या विचाराने थकत होते. सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे, उठण्याच्या श्रमाने पुन्हा आडवं होणं. वर्गात फळ्यावर उदाहरण अर्धं लिहून मी थांबायचे. मुलांना वाटायचं, बाई आम्हाला विचार करायला वेळ देतायत. केस गळत होते, टाचा भेगाळल्या होत्या, आवाज बसका झाला होता, आणि जेमतेम खाऊनही वजन वाढत होतं. त्या शेवटच्या गोष्टीने तर माझी केस कोर्टात जाण्याआधीच हरली. जाड माणूस थकलो म्हणाला की समोरचा मनातल्या मनात त्याला मैदानाला फेऱ्या मारायला पाठवतो.

सगळ्यात कहर थंडीचा. मे महिन्यात आमच्या जिल्ह्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जाऊन टेकतो, कुत्री रांजणाखालच्या ओलीत जाऊन पडतात. अशा दिवसांत घरातले पंखा पाचवर करायचे आणि मी उठून दोनवर आणायचे. रात्री सगळे गच्चीत उघडे, आणि मी चादर पांघरून. २५ मे हा जागतिक थायरॉईड दिवस असतो, हे मला नंतर कळलं. तारीख ठरवणाऱ्याने आमच्या भागाचा उन्हाळा पाहिला नसेल, पण ऐन मेमध्ये चादर शोधणारा माणूस ओळखायचा तर याहून सोयीचा दिवस नाही.

आमच्याकडे थकव्याचं पहिलं निदान ठरलेलं असतं: रक्त कमी. ते चुकीचंही नाही. या पट्ट्यात सिकलसेल आहे, ॲनिमिया तर घरोघरी आहे, शाळेत मुलींना दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मीच माझ्या हाताने देते. तेव्हा आधी हिमोग्लोबिन पाहिलं. बरं निघालं. घरी आनंद झाला, म्हणजे "बघ, काही नाहीये" असा आनंद. पण डॉक्टरीणबाईंनी माझ्या मानेवरून बोटं फिरवली, घोट गिळायला लावला, नाडी जरा जास्तच वेळ धरून ठेवली आणि चिठ्ठीवर तीन अक्षरं लिहिली: टीएसएच. रक्त गावात काढलं, नंदुरबारला गेलं, आणि दुसऱ्या दिवशी आकडा मोबाईलवर आला. निरोगी माणसाचा साधारण चारच्या आत असतो, माझा अठ्ठावीस होता.

"अठ्ठावीस? म्हणजे वाढलाय की! मग कमी झालाय असं का म्हणतात?" हे यजमानांनी विचारलं आणि तेव्हापासून येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. मी शाळेच्या भाषेत सांगते. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी म्हणजे कामचुकार कारकून, आणि मेंदूच्या तळाशी बसलेली पिट्यूटरी म्हणजे साहेब. कारकुनाचं काम थंडावलं की साहेब स्मरणपत्रं धाडतो. काम जितकं कमी, तितकी पत्रं जास्त. टीएसएच म्हणजे ती स्मरणपत्रं. माझ्याकडे अठ्ठावीस जमली होती, आणि कारकून टेबलावर डोकं ठेवून झोपला होता.

पण त्या कागदाने जादू केली. आकडा पाहिल्यावर घरातले सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले. कालपर्यंत जो आळस होता, तो प्रयोगशाळेच्या शिक्क्यानिशी आजार झाला. मी तीच, थकवा तोच, फक्त दाखला मिळाला होता.

माझ्या ग्रंथीवर माझ्याच शरीरातली प्रतिकारशक्ती उलटली होती. या प्रकाराला हाशिमोतोंचं नाव आहे. हाकारू हाशिमोतो या तरुण जपानी डॉक्टरांनी १९१२ साली त्यावर लेख लिहिला, पुढे ते आपल्या गावी जाऊन घरचा दवाखाना चालवत बसले, आणि १९३४ साली विषमज्वराने गेले. गावातल्या डॉक्टरला कुणी मोजत नाही, हे जपानातही तसंच असावं.

त्याआधी १८९१ साली न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क थायरॉईड मंदावलेल्या एका बाईला टोचला. बाई उठून कामाला लागली आणि आणखी अठ्ठावीस वर्षं जगली. तेवढ्या वर्षांत तिच्या औषधापायी ८७० हून अधिक मेंढ्या खर्ची पडल्या. १८९२ साली दुसऱ्या एका इंग्रज डॉक्टरने तर मेंढीची ग्रंथी हलकी परतून, बारीक करून, जेलीबरोबर खायला सांगितली. आमच्याकडून ठेलारी मेंढपाळ आपले कळप घेऊन जातात, तेव्हा मी हल्ली त्या मेंढ्यांकडे कृतज्ञतेने बघते. थायरॉईडची माझी गोळी आता कारखान्यात बनते, त्यांच्या गळ्याला धक्का लागत नाही.

गोळी मोठी गमतीची आहे. पन्नास मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमच्या वीस हजार भागांतला एक भाग. सोनार एवढं वजन हिशेबातही धरणार नाही. पण नखरा केवढा! सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, नंतर अर्धा ते एक तास चहा नाही. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर चार तासांचं अंतर. उन्हाच्या झळेत ठेवली तर जोर कमी होतो, म्हणून ती बाटली आमच्या घरातल्या सगळ्यात गार जागी, देवघराच्या कोनाड्यात असते. त्यामुळे घरातले म्हणतात, हिची पूजा पहाटेच उरकते. आजार सोसेन, पण दुधाचा चहा समोर उकळत असताना घड्याळाकडे बघत बसणं हा खरा वनवास.

सल्ल्यांचा तोटा नव्हता. कुणी कोबी बंद करायला सांगितला. मुलांनी हा सल्ला ताबडतोब स्वतःलाही लागू केला. शिजवलेला कोबी बेताने खायला हरकत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा मुलांचा वैद्यकशास्त्रावरचा विश्वास उडाला. सुरतेच्या नणंदेने गुलाबी सैंधव मीठ पाठवलं. आपलं सरकार १९६२ पासून गलगंडाशी झुंजतंय, मिठात आयोडीन घालतंय, आमच्या आशाताई घरोघर मिठावर थेंब टाकून ते निळं-जांभळं होतं का ते पाहतायत, आणि आम्ही पैसे जास्त मोजून आयोडीन जवळजवळ नसलेलं मीठ आणतो! ते मीठ मी कैरीच्या फोडींना ठेवलंय. उलट दुसऱ्या टोकाला जाऊन भाजीत मीठ दुप्पट टाकण्यातही अर्थ नाही. माझ्या प्रकारच्या आजारात जास्त आयोडीनने काही साधत नाही, झाला तर त्रासच होतो, आणि भाजी खारट होते ते वेगळंच.

आणि मग वाट. हे औषध शरीरात सावकाश मुरतं, म्हणून डोस बदलला की सहा आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासायचं. तोवर थकवा घरीच मुक्कामाला. आकडा जागेवर आला तरी थकवा लगेच उठून जातो असं नाही. झोप, बी-१२, ड जीवनसत्त्व, लोह, सगळं पाहावं लागतं. मी एवढंच केलं: दुपारची अर्धा तास झोप चोरून न घेता जाहीरपणे घेऊ लागले. संध्याकाळी स्टेशनपर्यंत चालायचं आणि दमले तर फलाटावरच्या बाकावर टेकायचं. आणि भाकऱ्या थापायचं खातं यजमानांकडे सोपवलं. त्यांच्या भाकरीला अजून महाराष्ट्राच्या नकाशाचा आकार येतो, पण नंदुरबारचं टोक छान जमतं.

तर मंडळी, तुमच्या घरात कुणी सारखं "थकले" म्हणत असेल, मे महिन्यात चादर ओढत असेल, तर उपदेश आवरा आणि एकदा टीएसएच तपासून घ्या. गोळी सुरू झाली की बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करू नका, आणि लवकर बरं वाटावं म्हणून मनाने वाढवूही नका, जास्त झाली तर हृदय धडधडतं आणि हाडं ठिसूळ होतात. आळस कधीमधी बोलण्याने जातो म्हणतात. मंदावलेला थायरॉईड मात्र बोलणी खाऊन कुणाचाच सुधारलेला नाही.