शब्द पालटणाऱ्या सॉफ्टवेअरला खुले पत्र

शब्द पालटणाऱ्या सॉफ्टवेअरा,

तुला 'नमस्कार' लिहिला तर तोही पालटून टाकशील, म्हणून थेट विचारतो: 'ब्रेस्ट कॅन्सर' या दोन शब्दांत तुला काय खुपलं? त्याचा 'बूझम पेरिल' केलास. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस', 'बिग डेटा'चं 'कोलोसल इन्फर्मेशन'! गियोम काबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव या संशोधकांनी २०२१ मध्ये तुझे हे प्रताप छापील शोधनिबंधांतून वेचून काढले. लेखक, समीक्षक, संपादक, कुणीच ते नीट वाचले नाहीत, म्हणून तर छापले गेले.

कोशात जवळजवळ दिसणारे शब्द तुला सारखेच वाटतात. बोलताना आम्हीही चाल आणि वेग एकच धरतो. पण भौतिकशास्त्रात वेगाला दिशा असते, चालीला नसते. वस्तुमान चंद्रावर तेवढंच राहतं, वजन घटतं. हा फरक शाळेतल्या पोराला शिकवावा लागतो आणि तू तो एका क्लिकमध्ये पुसतोस. शोधनिबंधात संज्ञा पहिल्या पानावर जी, तीच शेवटच्या पानावर हवी. तिथे शब्दवैविध्य हा गुण नाही, घोटाळा आहे.

तुझं दुकान चालतं ते भीतीवर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधाचं इतरांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. ही धास्ती घेऊन विद्यार्थी तुझ्या दारात येतो. त्याला तू हे सांगत नाहीस, की त्याच नियमांनुसार साम्य मोजताना रूढ संज्ञा, कायदे, प्रमाण समीकरणं आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं वगळायची असतात. जी संज्ञा मोजली जाणारच नव्हती, तिचाच तू बळी घेतलास. आणि दुसऱ्याची कल्पना आपली म्हणून खपवणं हेही त्या नियमांत वाङ्मयचौर्यच आहे. शब्द पालटून चोरी धुतली जात नाही; फक्त चोरलेला मालही निकामी होतो.

संशोधक मित्रांनो, याच्या दारात जाऊ नका. मूळ निबंध वाचा, बाजूला ठेवा आणि जे समजलं ते स्वतःच्या वाक्यात लिहा. संज्ञा आहे तशी ठेवा, ज्याचं श्रेय त्याला द्या. आणि लिहिता येत नसेल, तर ते अजून समजलेलं नाही. पुन्हा वाचा.